नामदार गोखले आणि गरिबाचे मीठ

सरकारी तिजोरीतील शिल्लक म्हणजे रयतेची सुबत्ता नव्हे. कित्येकदा ती गरिबाच्या संसारातून गरजेपेक्षा अधिक उपसलेली रक्कम असते. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी हे सत्य परकीय सत्तेला तिच्याच आकड्यांनिशी ऐकविले.

१८६६ साली कोतळूक येथे जन्मलेल्या गोखल्यांचे पितृछत्र लवकर हरपले. थोरले बंधू आपल्या १५ रुपये पगारातून ८ रुपये त्यांच्या शिक्षणासाठी पाठवीत. रुपयाचे मोल त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. पुढे रानड्यांच्या सहवासात त्या जाणिवेला अभ्यासाची शिस्त लाभली.

१८९३ साली सरकारने खाजगी चांदीसाठी टांकसाळी बंद केल्या आणि रुपयाचा भाव पुढे १६ पेन्सांवर चढला. विलायतेचा खर्च कमी रुपयांत भागू लागला व तिजोरीत शिल्लक पडली. कर मात्र हटले नाहीत. उलट, घरातील चांदीचे दागिने, म्हणजे शेतकऱ्याची अडीनडीची पुंजी, रुपयाच्या मानाने स्वस्त झाले. २६ मार्च १९०२ रोजी वरिष्ठ कायदेमंडळात गोखल्यांनी या शिलकीचे मर्म उघड केले आणि मिठावरील कर उतरविण्याची मागणी केली. मणामागे अडीच रुपयांचा तो कर १९०३ पासून उतरत १९०७ साली एक रुपयावर आला.

१९१५ साली, वयाच्या अवघ्या ४८ व्या वर्षी ते निवर्तले. पुढच्याच वर्षी, महायुद्धाच्या काळात, तोच कर सव्वा रुपया झाला. तिजोरीचा हिशेब चुलीपाशी बसून तपासणारा प्रतिनिधी सभागृहाला सदैव हवा असतो, तो याचसाठी.