फसलेल्या उपचारातून शिकलेला डॉक्टर

अल्जेरियातील ब्लिडा येथील मनोरुग्णालयात नोव्हेंबर १९५३ मध्ये डॉ. फ्रांत्झ फॅनन रुजू झाले, तेव्हा ते २८ वर्षांचे होते. जन्म कॅरिबियन समुद्रातील मार्टिनिक बेटावरचा, वैद्यकीय शिक्षण फ्रान्समधील लियाँचे. पुढे सेंत-आल्बाँच्या रुग्णालयात फ्रान्स्वा तोस्केल यांच्याकडे ते सामाजिक उपचारपद्धती शिकले. रुग्णालय म्हणजे एक छोटा समाज. तिथे काम, सभा, सण आणि वार्तापत्र यांतून माणूस पुन्हा माणसांत येतो, हे तिचे सूत्र.

ब्लिडात त्यांच्याकडे १६५ युरोपीय स्त्रिया आणि २२० मुस्लिम पुरुष रुग्ण होते. स्त्रियांच्या वॉर्डात ही पद्धत काही महिन्यांतच रुजली. पुरुषांच्या वॉर्डात मात्र ती सपशेल फसली. सभांना कोणी बोलेना. टोपल्या विणणे हे त्यांच्या लेखी बायकांचे काम. बहुतेकांना लिहिता-वाचता येत नव्हते, मग वार्तापत्राचा उपयोग काय? डॉक्टरांना अरबी येत नव्हती, त्यामुळे मनातले दुःखही दुभाष्यामार्फत सांगावे लागे.

अल्जेरियन माणसाचा मेंदूच अविकसित, असे सांगणारे मानसोपचारतज्ज्ञ त्या काळी अल्जिअर्समध्ये मान्यवर होते. दोष रुग्णांच्या माथी मारणे फॅनन यांना सहज शक्य होते. त्यांनी तो स्वतःकडे घेतला. फ्रान्समधली पद्धत जशीच्या तशी इथे लादली, ही आपलीच चूक, हे त्यांनी ओळखले आणि सहकारी जाक अझुले यांच्यासह १९५४ मध्ये तसा शोधनिबंधही प्रसिद्ध केला.

मग वॉर्ड बदलला. स्थानिक धाटणीचे कॉफीगृह सुरू झाले, मुस्लिम सण साजरे होऊ लागले, गोष्टी सांगणारा कथेकरी येऊ लागला. हातात टोपलीऐवजी शेतीची अवजारे आली. फॅनन स्वतः अरबी शिकू लागले.

पुढे स्वातंत्र्ययुद्ध पेटले. वसाहतीच्या दडपशाहीनेच माणसे मनाने मोडत असताना त्याच सरकारची नोकरी करणे त्यांना पटेना. १९५६ च्या अखेरीस त्यांनी राजीनामा दिला आणि त्यांना अल्जेरियातून हद्दपार करण्यात आले. ट्युनिसमध्ये त्यांनी दिवसा उपचार घेऊन संध्याकाळी घरी परतता येईल, असे मनोरुग्णकेंद्र उभारले. म्हणजे रुग्ण आपल्या घरादारापासून तुटत नसे. ६ डिसेंबर १९६१ रोजी रक्ताच्या कर्करोगाने वयाच्या ३६ व्या वर्षी ते गेले.

ब्लिडाचे ते रुग्णालय आज त्यांच्याच नावाने ओळखले जाते. उपचाराला रुग्ण दाद देत नाही, असे म्हणण्याआधी उपचार रुग्णाच्या जगण्याशी जुळतो का, हे तपासावे, हा त्यांचा धडा आजही तितकाच कामाचा आहे.