मदेरा बेटावरचा जर्मन डॉक्टर

११ फेब्रुवारी १८८५ रोजी निघालेल्या पोर्तुगीज हुकुमाने नगरहवेलीतील सिल्वासा या रानाकाठच्या खेड्याला नगराचा दर्जा मिळाला. दराऱ्याचे मुख्यालय तिथे हलले आणि कागदोपत्री गावाचे नाव विला दे पासू द’आर्कुश असे पडले. लोकांनी मात्र सिल्वासा हेच नाव टिकवले. त्याच साली, त्याच पोर्तुगीज राजमुकुटाखाली, पण आफ्रिकेच्या वायव्येस अटलांटिक महासागरात असलेल्या मदेरा बेटावर राहणाऱ्या एका जर्मन डॉक्टरचा विवाह झाला आणि त्याने त्या बेटाविषयी लिहिलेला माहितीग्रंथही प्रसिद्ध झाला. क्षयाने पोखरलेली फुप्फुसे घेऊन तो दहा वर्षांपूर्वी तिथे आला होता. आज मधुमेहाविषयी चार ओळी वाचलेल्या प्रत्येकाला त्याचे आडनाव ठाऊक असते. माणूस फारसा कोणाला ठाऊक नसतो. त्याचे नाव पॉल लँगरहान्स.

त्यांचा जन्म २५ जुलै १८४७ रोजी बर्लिन येथे झाला. वडील डॉक्टर आणि उदारमतवादी राजकारणी, शिवाय त्या काळचे सर्वांत मोठे विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ विरचो यांचे स्नेही. पॉल सहा वर्षांचे असताना आई क्षयाने गेली. पुढे त्यांनी येना येथे वैद्यकाचे शिक्षण सुरू केले. तिथे एर्न्स्ट हेकेल यांच्या सहवासात प्राणिशास्त्राची जी गोडी लागली, ती आयुष्याच्या उत्तरार्धात फार उपयोगी पडली. तिथून ते बर्लिनला परतले आणि विरचो यांच्या संस्थेत दाखल झाले. वय होते जेमतेम विशीचे.

त्या संस्थेत त्या वेळी यूलियस कोनहाइम नावाचे तरुण सहायक काम करत होते. त्यांच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण लँगरहान्स यांच्या हाती जे साधन आले ते कोनहाइम यांनी डोळ्यासाठी घडवले होते. डोळ्याच्या बुबुळावर जो पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्याची जाडी अवघी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, त्यात रक्तवाहिन्या नाहीत, आणि तरी डोळ्यात धुळीचा कण गेला तर माणूस कळवळतो. म्हणजे त्या पडद्यात मज्जातंतू असलेच पाहिजेत, पण ते शेवटी कुठपर्यंत पोहोचतात हे सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसत नव्हते. कोनहाइम यांनी काढून घेतलेला कॉर्निया गोल्ड क्लोराइडच्या सौम्य द्रावणात ठेवला आणि नंतर त्याला उजेड दाखवला. द्रावणातील सोने मज्जातंतूंवर बसून काळसर जांभळे झाले आणि पृष्ठभागावरील पेशींच्या फटींतून वर चढणारे बारीक धागे दिसू लागले. हे काम १८६७ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी त्यांनी बेडकांवरील प्रयोगांतून, पू निर्माण करणाऱ्या पेशी रक्तवाहिन्यांच्या भिंतीतून बाहेर पडून येतात हेही दाखवले. स्वतः विरचो यांचे मत याच्या उलट होते. गुरूच्याच छताखाली बसून गुरूचे मत खोडून काढण्याइतके मोकळे वातावरण त्या संस्थेत होते, ही गोष्ट नोंदवण्याजोगी आहे.

सोन्याची ही पद्धत लँगरहान्स यांनी माणसाच्या त्वचेवर वापरली. त्यांना शोधायचे होते मज्जातंतूच. ते सापडले. पण बाह्यत्वचेच्या पेशींच्या मध्ये त्यांना आणखी काही दिसले: काळ्या रंगाच्या, लांबट अंगाच्या आणि सर्व बाजूंना फांद्या पसरलेल्या पेशी. १८६८ साली, वयाची एकविशी गाठत असताना, त्यांनी या पेशींचे नेटके वर्णन प्रसिद्ध केले. मात्र त्यांचा अर्थ लावताना ते चुकले. सोने मज्जातंतूंना रंगवते, या पेशीही सोन्याने रंगल्या, तेव्हा त्या मज्जासंस्थेच्याच असाव्यात, बहुधा त्वचेला होणारे स्पर्श टिपणाऱ्या, असा त्यांचा तर्क होता. तर्क समजण्यासारखा आहे. त्या काळी रोगप्रतिकार ही कल्पनाच आजच्या अर्थाने अस्तित्वात नव्हती, मग त्या खात्यात पेशी टाकणार तरी कशी?

पुढच्या वर्षी, १८६९ च्या फेब्रुवारीत, त्यांनी डॉक्टरेटचा प्रबंध सादर केला. विषय होता स्वादुपिंडाची सूक्ष्मरचना. सशांच्या स्वादुपिंडाच्या नलिकांत रंग भरून आणि ऊती तासन्‌तास निरखून त्यांनी तिथल्या पेशींचे नऊ प्रकार वेगळे केले. त्यांतला एक प्रकार विलक्षण होता. लहान, बहुकोनी, फिकट पेशींचे पुंजके स्वादुपिंडात जागोजागी विखुरलेले होते आणि पाचकरस तयार करणाऱ्या शेजारच्या पेशींशी त्यांचे काही साम्य नव्हते. या पुंजक्यांचे कार्य काय, यावर त्यांनी कोणताही तर्क मांडला नाही. ते आपल्याला ठाऊक नाही अशी स्पष्ट कबुली मात्र प्रबंधात आहे. त्वचेच्या बाबतीत घाई झाली होती, इथे ते थांबले. एकविसाव्या वर्षीच्या प्रबंधात अशी कबुली देणे सोपे नसते. परीक्षकांसमोर अज्ञान उघडे करणारे उमेदवार तेव्हाही कमीच असावेत.

पदवीनंतर १८७० साली ते भूगोलतज्ज्ञ रिचर्ड कीपर्ट यांच्याबरोबर सीरिया आणि पॅलेस्टाइनच्या प्रवासाला गेले. तिथे त्यांनी कुष्ठरुग्णांची पाहणी केली आणि त्यावर लिहिले. इतक्यात फ्रान्स व प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. परत येऊन त्यांनी जखमी सैनिकांच्या सेवेत काही काळ घालवला. मग काही दिवस लाइपझिग, आणि १८७१ पासून फ्रायबुर्ग विद्यापीठ. तिथे शवविच्छेदनाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. काही वर्षांतच ते प्राध्यापकपदाला पोहोचले. तिशीच्या आत एवढी मजल मारणाऱ्या माणसापुढे काय वाढून ठेवले आहे, हे कोणी सांगितले असते तरी खरे वाटले नसते.

१८७४ साली त्यांना क्षय झाल्याचे निदान झाले. मृतदेहांवर काम करताना तो जडला असावा, असा समज आहे. आई ज्या रोगाने गेली तोच रोग मुलाच्या वाट्याला आला. नेपल्स, पालेर्मो, काप्री, स्वित्झर्लंडमधील दावोस, असे हवापालटाचे सगळे प्रयोग झाले. क्षयाचा जंतू कोख यांना सापडला तो १८८२ साली, आणि गुणकारी औषध तर विसाव्या शतकाच्या मध्यावर आले. तोवर श्रीमंत घरातल्या रोग्याला डॉक्टर एकच सल्ला देत, चांगल्या हवेच्या ठिकाणी जाऊन राहावे. ऑक्टोबर १८७५ मध्ये लँगरहान्स मदेराची राजधानी फुंशाल येथे उतरले. फ्रायबुर्गची नोकरी कायमची सुटली.

मदेराच्या हवेने ते खरोखरच सुधारले, आणि रिकामे बसणे त्यांच्या स्वभावात नव्हते. गोव्यात १८४२ पासून जशी वैद्यकीय शाळा चालत होती तशीच एक फुंशालमध्येही होती, परंतु बर्लिनसारख्या प्रयोगशाळा त्या बेटावर नव्हत्या. होता तो समुद्र. हेकेल यांच्या शिष्याने त्याच्याकडे मोर्चा वळवला. किनाऱ्यावरून, खडकांच्या फटींतून सागरी कृमी गोळा करायचे, सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची रचना पाहायची, चित्रे काढायची. १८७९ पासून मदेराच्या कृमींवरील त्यांचे विस्तृत लेखन जर्मन नियतकालिकात क्रमाने येऊ लागले. अनेक जाती त्यांनी प्रथमच नोंदवल्या आणि एका प्रजातीला आपल्या गुरूच्या नावावरून विरचोविया असे नाव दिले. खुद्द विरचो यांना समुद्रातल्या एका किड्याला आपले नाव मिळाल्याचे काय वाटले असेल कोण जाणे! याच काळात फुंशालमध्ये ते डॉक्टरकीही करू लागले. त्यांच्याकडे येणारे रुग्ण बहुतेक त्यांच्याच रोगाचे, युरोपातून हवापालटासाठी आलेले. १८८५ साली त्यांनी मार्गारेट एबार्ट यांच्याशी लग्न केले. त्या त्यांच्याच एका मृत रुग्णाच्या विधवा होत्या.

दोनच वर्षांनी, १८८७ च्या शरद ऋतूत, मूत्रपिंडाच्या विकाराने त्यांना गाठले. २० जुलै १८८८ रोजी फुंशाल येथे त्यांचे निधन झाले. एक्केचाळीस वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस कमी होते. तिथल्या ब्रिटिश दफनभूमीत त्यांना मूठमाती देण्यात आली.

त्यांच्या मृत्यूनंतर वर्षभरातच मिंकोव्स्की आणि फोन मेरिंग यांनी स्वादुपिंड काढून टाकलेल्या कुत्र्याला मधुमेह होतो हे दाखवले. १८९३ साली फ्रेंच शास्त्रज्ञ एदुआर लागेस यांनी माणसाच्या स्वादुपिंडातील त्या पुंजक्यांना लँगरहान्सची द्वीपके हे नाव दिले. द्वीप या अर्थाच्या लॅटिन शब्दावरूनच पुढे इन्सुलिन हा शब्द आला, आणि १९२२ च्या जानेवारीत टोरांटो येथे ते पहिल्यांदा माणसाला टोचले गेले. बेटावर मरण पावलेल्या माणसाच्या नावापुढे द्वीपके यावीत हा केवळ योगायोग.

त्वचेतल्या पेशींना अधिक काळ थांबावे लागले. सुमारे शंभर वर्षे त्यांच्याविषयी नाना मते मांडली गेली. १९६१ साली बर्बेक यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातून या पेशींमध्ये वैशिष्ट्यपूर्ण कण दिसले. १९७३ साली न्यूयॉर्क येथे राल्फ स्टाइनमन आणि झानविल कोन यांनी उंदरांच्या प्लीहेतील अशाच शाखायुक्त पेशींचे वर्णन केले, आणि त्यानंतरच्या संशोधनात लँगरहान्स यांच्या पेशींचे खरे काम कळले. त्या शरीराच्या सीमेवरच्या पहारेकरी आहेत. परका जंतू पकडायचा, त्याची ओळख पटवायची आणि रोगप्रतिकारक यंत्रणेला ती वर्दी द्यायची. स्टाइनमन यांना २०११ साली नोबेल जाहीर झाले, परंतु ते घोषणेच्या तीन दिवस आधी वारले होते.

अशाच पेशी कॉर्नियातही असतात. कोनहाइम यांना त्यासाठी निर्जीव डोळा लागला. आज मोठ्या नेत्रसंस्थांत कॉनफोकल सूक्ष्मदर्शक जिवंत डोळ्यातच हे पाहतो. डोळ्यात बधिरतेचे थेंब घालतात, टोपणासारखे प्लास्टिकचे आवरण कॉर्नियाला हलकेच टेकवतात, आणि सुमारे ४०० मायक्रॉन, म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी रुंदीच्या तुकड्याचे चित्र पडद्यावर उमटते. काळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या रेषा दिसतात, ते मज्जातंतू. मधून मधून फांद्या फुटलेले पांढरे ठिपके दिसतात, त्या या शाखायुक्त पेशी. शुष्क डोळ्याच्या विकारात किंवा जंतुसंसर्गात पेशींची गर्दी वाढते आणि त्यांच्या फांद्या लांबतात. नागिणीच्या जातीच्या विषाणूने डोळा ग्रासला तर रेषा विरळ होतात आणि डोळ्याची संवेदनाच हरपू शकते. डोळा वरून स्वच्छ दिसतो, तपासणीत काही सापडत नाही आणि रुग्ण मात्र जळजळीने हैराण असतो, अशा वेळी ही चित्रे त्याच्या तक्रारीची साक्ष देऊ शकतात.

मधुमेहातही कॉर्नियातील या रेषा लवकर झडू लागतात. पायांच्या मज्जातंतूंची हानी ओळखायला त्यांची मदत होऊ शकते, म्हणून तो अभ्यास गेली वीसेक वर्षे चालला आहे. गोव्याला याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के, आढळले होते. बांबोळीच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि २०१९ साली सिल्वासात सुरू झालेल्या महाविद्यालयातही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला लँगरहान्स हे नाव दोनदा भेटते, एकदा स्वादुपिंडाच्या काचपट्टीवर आणि एकदा त्वचेच्या.

कॉर्नियाच्या चित्रांत कधी कधी एखाद्या शाखायुक्त पेशीचा लांब हात मज्जातंतूच्या रेषेला टेकलेला दिसतो. लँगरहान्स यांनी ज्याला मज्जासंस्थेचा भाग समजले ती पेशी तशी नाही, हे आता पक्के आहे. पण ती मज्जातंतूच्या इतक्या जवळ का राहते आणि त्या दोघांत कोणते निरोप चालतात, हे शोधण्याचे काम अजून संपलेले नाही.