लकव्याचा पत्ता सांगणारा हकीम

एखाद्याची अर्धी बाजू लुळी पडली की आपण म्हणतो, लकवा मारला. शब्द अरबी आहे. पण अरबी वैद्यकाच्या ग्रंथांत लकवा म्हणजे फक्त तोंड वाकडे होणे. अर्धे अंग जाते त्याला ‘फालिज’ म्हणतात आणि उर्दूत हा शब्द आजही चालतो. मराठीत येताना लकव्याने चेहऱ्याची हद्द ओलांडून सगळे शरीर व्यापले. हा फरक शब्दकोशापुरता नाही. हजार वर्षांपूर्वीचा एक हकीम रोग्याचा चेहरा वाचला आहे की नाही हे आधी पाहत असे आणि त्यावरून बिघाड कुठे झाला आहे ते ठरवत असे. त्या हकिमाचे नाव अबू अली इब्न सिना. युरोपने त्यांना अविसेना केले, युनानी हकिमांनी शेखुर्रईस म्हटले. त्यांचे निधन रमजानमध्येच झाले, म्हणून या पानावर त्यांची आठवण.

इब्न सिनांचा जन्म ९८० सालचा, बुखाऱ्याजवळच्या अफशना गावातला. हा भाग आज उझबेकिस्तानात येतो. वडील बल्खहून आलेले, सामानी सुलतानांच्या चाकरीत अधिकारी होते. आईचे नाव सितारा. कुटुंब बुखाऱ्यात राहायला आले आणि दहाव्या वर्षापर्यंत मुलाचे कुराण शिकून झाले. मग वडिलांनी त्याला एका भाजीवाल्याकडे धाडले, कारण त्या भाजीवाल्याला हिंदी पद्धतीचा हिशेब येत होता. म्हणजे आपल्याकडचे दहा अंक तोवर बुखाऱ्याच्या भाजीबाजारात पोचले होते आणि पुढे जगभर गाजलेल्या एका हकिमाने ते तिथेच गिरवले.

नातिली नावाचे एक विद्वान घरी राहायला आले. त्यांनी तर्कशास्त्र आणि युक्लिडची भूमिती सुरू करून दिली. लवकरच शिष्य गुरूला समजावू लागला. सोळाव्या वर्षी वयाने मोठे वैद्य त्यांच्याजवळ बसून शिकत होते. वैद्यक हे काही अवघड शास्त्र नाही, असे त्यांनी आत्मचरित्रात नोंदवले आहे. नीटची तयारी करणाऱ्या मुलांनी एवढा भाग वगळून पुढे वाचावे. अवघड वाटले ते ॲरिस्टॉटलचे ‘मेटाफिजिक्स’. चाळीस वेळा वाचून पाठ झाले, पण अर्थ लागेना. एके दिवशी पुस्तकांच्या बाजारात एका विक्रेत्याने गळ घालून फाराबींचे एक छोटे पुस्तक तीन दिरहमांना गळ्यात मारले. ते वाचले आणि कोडे सुटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी गरिबांना दानधर्म केला.

सुलतान नूह इब्न मन्सूर आजारी पडला, तेव्हा या किशोर वैद्यालाही दरबारात बोलावले गेले. त्यांनी परवानगी मागितली ती शाही ग्रंथालयात बसण्याची. पण थोड्याच वर्षांत सामानी राज्य कोसळले, वडीलही गेले, आणि बुखारा सुटले ते कायमचे. गुरगंज, गुरगान, रय, हमदान, इस्फहान : पुढचे सगळे आयुष्य एका दरबारातून दुसऱ्या दरबारात गेले. गुरगानमध्ये जुजजानी हा शिष्य मिळाला आणि तो शेवटपर्यंत सोबत राहिला. आपल्याला त्यांच्याविषयी जे खात्रीने ठाऊक आहे, त्यातले बरेचसे या जुजजानीमुळे.

गुरगानमध्येच ‘अल-कानून फित-तिब’ लिहायला घेतले. ते पूर्ण झाले हमदानमध्ये. वैद्यकाचा हा पाच भागांचा कायदाच. तिसऱ्या भागात डोक्यापासून पायापर्यंतचे रोग आहेत आणि सुरुवात अर्थातच मेंदूपासून आहे.

शरीररचना त्यांनी मुख्यतः गॅलेन या ग्रीक वैद्याकडून घेतली होती. गॅलेन त्यांच्या आठशे वर्षे आधीचा. मेंदूतून मज्जातंतूंच्या सात जोड्या निघतात असे तो मानत होता (आज बारा मानतात), आणि पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूतून बाकीच्या. काही तंतू मऊ, ते संवेदना आणतात. काही कठीण, ते हालचाल करवतात. इब्न सिनांनी हा नकाशा घेऊन रोग्याच्या खाटेपाशी वापरला. चेहऱ्याचे तंतू थेट मेंदूतून येतात, हातापायांचे मज्जारज्जूतून. मग अर्ध्या अंगाबरोबर चेहराही गेला असेल तर दोष मेंदूत शोधावा. चेहरा शाबूत आणि मानेखालचे अंग गेले असेल तर तो कण्यात शोधावा. आजचे डॉक्टर सांगतील की मेंदूतला झटका कधी कधी चेहऱ्याला सोडूनही देतो, म्हणून हा नियम सरसकट लावता येत नाही. पण विचाराची दिशा बरोबर होती. हात हलत नाही म्हणून बिघाड हातात आहे असे नव्हे. गॅलेनकडे एक रोगी आला होता, त्याच्या करंगळीकडच्या बोटांची जाणीव गेली होती. आधीचे वैद्य बोटांनाच औषध लावत होते. गॅलेनने चौकशी केली तर तो रथातून पाठीवर पडलेला निघाला. मग औषध पाठीला लावले आणि बोटे सुधारली. इब्न सिना याच घराण्याचे. औषध तंतूच्या मुळाशी लावा, असा त्यांचा आग्रह होता.

हे जुने झाले असे कोणी म्हणू नये. आजही आपल्या भागात झटका आला की लुळा हात चोळत बसतात, कुठल्या तरी गावाला लकव्याचे हमखास औषध मिळते म्हणून जीप करून नेतात. त्यात हिंदू-मुसलमान असा भेद नाही; ठिकाणे तेवढी वेगळी. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारे इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. ते तास जीपमध्ये जातात. इब्न सिनांजवळ असे इंजेक्शन नव्हते. जोराचा झटका बरा होत नाही आणि हलका झटकाही सहजी बरा होत नाही, हे हिपोक्रेटिसपासून चालत आलेले मत त्यांनाही मान्य करावे लागले. आपल्याजवळ इंजेक्शन आहे, आणि तरीही आपण हातच चोळतो.

त्यांची खरी स्वतःची कमाई मला दुसरीकडे दिसते. पाच इंद्रिये बाहेरची बातमी आत आणतात, इथवर सगळ्यांचे एकमत होते. आत त्या बातमीचे होते काय? इब्न सिनांनी आतलीही पाच इंद्रिये कल्पिली आणि त्यांना मेंदूतल्या पोकळ्यांमध्ये पुढून मागे जागा वाटून दिल्या. सर्वांत पुढे ‘हिस्स-ए-मुश्तरक’, म्हणजे जिथे रंग, आवाज, वास एकत्र येतात ती सामाईक जाणीव. तिच्या मागे ‘खयाल’, जो वस्तू समोरून गेल्यावरही तिचे चित्र जपतो. मधल्या पोकळीत चित्रांची जोडतोड करणारी कल्पनाशक्ती आणि ‘वहम’. शेवटच्या पोकळीत ‘हाफिजा’.

पुरावा म्हणून ते पावसाचा थेंब दाखवतात. पडणारा थेंब आपल्याला रेघेसारखा दिसतो. पण डोळ्यासमोर प्रत्येक क्षणी थेंब एकाच जागी असतो. मग रेघ कोणी ओढली? दिवाळीत फुलबाजी गरगर फिरवली की आगीचे वर्तुळ दिसते, त्याचेही तसेच. आधीची जागा धरून ठेवून तिला पुढच्या जागेशी जोडणारे काहीतरी आत असले पाहिजे. म्हणजे पाहण्याचे काम डोळ्यापाशी संपत नाही.

वहमचे उदाहरण मेंढीचे आहे. मेंढी लांडग्याला पाहते आणि पळते. तिच्या डोळ्यांना रंग दिसतो, आकार दिसतो, नाकाला वास येतो. पण वैराला ना रंग आहे ना वास. ते जिला कळते ती शक्ती वहम. मराठीतला ‘वहीम’ हाच. हाफिजा मात्र आपल्याकडे हाफिज या रूपाने आला. या महिन्यात तरावीहच्या नमाजेत रोज रात्री कुराणाचा काही भाग क्रमाने मुखोद्गत म्हणणारे, ते हाफिज. गंमत अशी की इब्न सिनांच्या वाटणीप्रमाणे काटेकोर पाहिले, तर ऐकलेले ध्वनी जपण्याचे काम खयालचे. हाफिजाकडे वहमला जाणवलेले अर्थ ठेवायला दिलेले आहेत. एकाच आठवणीच्या दोन कोठ्या.

संवेदना झाली, आता हालचाल. त्यांनी तिचेही दोन टप्पे केले. आधी ओढ निर्माण व्हावी लागते: हवेसे वाटले तर ‘शहवत’, नकोसे वाटले तर ‘गजब’. मग तंतू आणि स्नायूंमध्ये पसरलेली शक्ती काम करते. स्नायू आखडतो, कंडरा ओढला जातो, किंवा सैल सुटतो. आणि ही ओढ उठते ती आत उमटलेल्या चित्रावरून. इंद्रिये आणि स्नायू यांच्या मधोमध खयालाचे ठाणे आहे.

म्हणूनच त्यांनी फळीचा दाखला दिला. जमिनीवर टाकलेल्या अरुंद फळीवरून माणूस सहज चालत जातो. तीच फळी दरीवर टाका. पाय लटपटतात, तो सरपटू लागतो. फळी तीच, पाय तेच, तंतूही तेच. बदलले आहे ते मनातले चित्र: पडण्याचे चित्र इतके ठसते की अवयव त्याचेच ऐकतात. याच जोरावर ते पुढे म्हणतात की बरे होत आहोत अशी खात्री पटलेला रोगी सुधारतो आणि धडधाकट माणूस आजाराच्या विचाराने आजारी पडू शकतो. ज्यांच्या घरात झटक्यानंतर पुन्हा चालायला शिकणारे कोणी आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. ताकद आलेली असते, पण उंबरा दिसला की पाय थबकतो.

‘कानून’मध्ये इश्क हा आजारही मेंदूच्या रोगांतच येतो, आमच्या उर्दू शायरांचे मत काहीही असो. रोगी नाव सांगत नसेल तर नाडीवर बोट ठेवून एकेक नाव घ्यावे; नाडी जिथे अडखळते तिथे उत्तर सापडते, असा उपाय त्यात आहे. यावरून पुढे एक लोकप्रिय कथा रचली गेली, की काबूस सुलतानाच्या नातलगाचा इश्क इब्न सिनांनी असाच पकडला. कथा गोड आहे, पण खरी नसावी. इब्न सिना गुरगानला पोचण्यापूर्वीच काबूस कैदेत मरण पावला होता.

चूक काय होती, तेही सांगायला हवे. या शक्ती मेंदूच्या पोकळ्यांत राहतात आणि तंतूंतून ‘रूह’ नावाची सूक्ष्म वाफ वाहते, असे ते मानत. पोकळ्यांमध्ये फक्त द्रव असतो. काम भोवतालचा मेंदू करतो. १५४३ साली वेसालियसने पोकळ्यांच्या या समजुतीवर शंका घेतली आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस गॅल्व्हानीच्या बेडकाने पाय झटकला तेव्हा वाफेची जागा विजेने घेतली. हृदय श्रेष्ठ की मेंदू, या वादातही ते ॲरिस्टॉटलच्या बाजूने हृदयाला मूळ मानत राहिले. वैद्याने मात्र व्यवहारात मेंदू धरून चालावे, असा तोडगा त्यांनी काढला. इतक्या चुका असूनही बाराव्या शतकात तोलेदोत जेरार्ड ऑफ क्रेमोनाने ‘कानून’ लॅटिनमध्ये आणला आणि युरोपातली विद्यापीठे सतराव्या शतकापर्यंत तो शिकवत राहिली.

हे सगळे लेखन निवांतपणे झाले असेल असे वाटते. तसे नव्हते. हमदानचा शासक शम्सुद्दौला याचा पोटशूळ त्यांनी बरा केला आणि तो त्यांना वजीर करून बसला. सैन्याने बंड केले, घर लुटले, डोके मागितले. चाळीस दिवस ते एका मित्राच्या घरी लपून राहिले. शम्सुद्दौलाला पुन्हा शूळ उठला, पुन्हा बोलावणे आले, पुन्हा वजिरी. दिवसा राज्यकारभार, रात्री शिष्यांसोबत ‘शिफा’ आणि ‘कानून’चे पाठ, आणि पाठ संपले की गाणे-बजावणे व मद्य. रमजानच्या पानावर हे लिहावे का, असे कोणी विचारील. जुजजानीने लपवले नाही, मग मी कशाला लपवू? शम्सुद्दौलाच्या मृत्यूनंतर त्यांना फर्दजानच्या किल्ल्यात चार महिने डांबले गेले. तिथे त्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत एक पोटशुळावरचे आहे. पुढे सूफींच्या वेशात ते इस्फहानला निसटले आणि अलाउद्दौलाच्या आश्रयाने शेवटची वर्षे जरा स्थिरपणे गेली.

ज्या दुखण्याने त्यांना वजिरी मिळाली आणि ज्याच्यावर त्यांनी कैदेत पुस्तक लिहिले, तेच त्यांच्या वाट्याला आले. अलाउद्दौला मोहिमेवर होता. मागे राहायला नको म्हणून त्यांनी एका दिवसात आठ वेळा बस्ती घेतली. आतड्याला जखम झाली, आकडीचे झटके येऊ लागले. त्यांनी बस्तीत अजमोद्याचे बी दोन दानक टाकायला सांगितले होते. वैद्याने पाच दिरहम, म्हणजे कितीतरी पट जास्त टाकले. ते जाणूनबुजून की चुकून, जुजजानीलाही सांगता आले नाही. एका नोकराने औषधात वाजवीपेक्षा जास्त अफू मिसळली, कारण त्याने मालकाचे पैसे चोरले होते आणि मालक बरा होणे त्याला परवडणारे नव्हते. तशाही अवस्थेत ते अलाउद्दौलासोबत हमदानला निघाले. तिथे पोचल्यावर त्यांनी उपचार सोडून दिले. शरीराचा कारभार पाहणारी शक्ती आता थकली आहे, औषधाचा उपयोग नाही, असे त्यांचे स्वतःविषयीचे निदान होते. परंपरा सांगते की त्यांनी गुलामांना मुक्त केले, मालमत्ता गरिबांना वाटली आणि दर तीन दिवसांनी कुराणाचे एक पारायण करीत राहिले. हिजरी ४२८च्या रमजानमध्ये, जून १०३७ मध्ये ते वारले. चांद्र वर्षांनी वय ५८. कबर हमदानलाच आहे.