बाळशास्त्री जांभेकर व शून्यलब्धीचे गणित

शाळेतील अंकगणित व भूमिती यांचा निरोप घेऊन जो विद्यार्थी विज्ञानशाखेकडे वळतो, त्याची लवकरच एका नव्या गणिताशी गाठ पडते. इंग्रजीत त्यास कॅल्क्युलस व मराठीत कलन असे म्हणतात. ठाणे, कल्याण व डोंबिवली येथून रोज आगगाडीने महाविद्यालयास जाणाऱ्या मुलांपैकी कित्येकांचे धैर्य या विषयाच्या उंबरठ्यावरच खचते. विषय कठीण, त्यात तो परक्या भाषेत शिकावयाचा, आणि घरी विचारावे तर सांगणारे कोणी नाही. तेव्हा हे आपले काम नव्हे, असे वाटून ते माघार घेतात. अशा मुलांनी व त्यांच्या पालकांनी आचार्य बाळशास्त्री जांभेकर यांचे चरित्र अवश्य वाचावे. मराठीतील पहिल्या वृत्तपत्राचे संपादक म्हणून ते सर्वांस ठाऊक आहेत; परंतु हे नवे गणित मराठीत आणणारे शिक्षकही तेच, ही गोष्ट थोड्यांसच ठाऊक असते.

बाळशास्त्री यांचा जन्म सन १८१२ च्या सुमारास कोकणातील पोंभुर्ले या गावी झाला. हे गाव आज सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या देवगड तालुक्यात आहे. वडील गंगाधरशास्त्री हे विद्वान, पण धनाढ्य नव्हेत. मुलाची बुद्धी लहानपणापासूनच असामान्य होती, व घरीच मराठी आणि संस्कृत यांचे त्याचे अध्ययन चांगले झाले. पुढे तेराचौदा वर्षांच्या वयात तो मुंबईस आला. त्या काळी कोकणातून मुंबईस येणे सोपे नव्हते. मुंबई ते ठाणे ही पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुरू झाली व कल्याणपर्यंतचा लोहमार्ग १८५४ साली पुरा झाला. बाळशास्त्री यांनी यांपैकी काहीच पाहिले नाही. गलबत अथवा पायवाट, हीच तेव्हाची साधने होती.

मुंबईत त्यांना सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे यांचा आश्रय मिळाला. बापू छत्रे हे मुंबईच्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे चिटणीस व मुलांसाठी पुस्तके लिहिणारे गृहस्थ होते. त्यांच्या देखरेखीखाली या मुलाने इंग्रजी व गणित यांचा अभ्यास आरंभिला आणि थोड्याच वर्षांत दोहोंत प्रावीण्य मिळविले. विशीच्या आसपास असतानाच त्याच सोसायटीच्या चिटणीसपदाची जबाबदारी त्यांच्याकडे आली. त्यांना अनेक भाषा येत असत.

सन १८३२ च्या जानेवारीच्या ६ तारखेस त्यांनी भाऊ महाजन यांच्या साहाय्याने दर्पण हे पत्र काढले. त्यात एका स्तंभात मराठी व दुसऱ्यात इंग्रजी मजकूर असे. हे पत्र १८४० पर्यंत चालले. पत्र सुरू झाले त्याच सुमारास अक्कलकोटच्या अल्पवयी राजांचे शिक्षक म्हणूनही त्यांनी काही काळ काम केले.

याच काळात मुंबईत उच्च शिक्षणाची एक मोठी योजना आकार घेत होती. गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन सन १८२७ मध्ये स्वदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्मरणार्थ नागरिकांनी दोन लाख रुपयांहून अधिक निधी जमविला व त्यातून प्राध्यापक नेमण्याचे ठरले. गणित व पदार्थविज्ञान यांसाठी आर्थर बेडफर्ड ऑर्लेबार यांची इंग्लंडातून नेमणूक झाली. सन १८३४ मध्ये बाळशास्त्री साहाय्यक प्राध्यापक नेमले गेले. त्या पदावर येणारे ते पहिले हिंदी गृहस्थ होत. त्यांचे वय तेव्हा अवघे बावीस वर्षांचे होते. मुंबईचे विश्वविद्यालय स्थापन होण्यास अजून तेवीस वर्षांचा अवकाश होता. पदवी नाही, नेमलेला अभ्यासक्रम नाही, मराठीत उच्च गणिताचे पाठ्यपुस्तक नाही, अशा स्थितीत त्यांनी अध्यापनास आरंभ केला.

कर्नल जर्व्हिस यांनी पंडितांच्या मदतीने अंकगणित व भूमिती यांची मराठी पुस्तके यापूर्वी सिद्ध केली होती. परंतु न्यूटन व लायब्निट्स यांनी सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शोधून काढलेले गणित अद्याप मराठीत उतरले नव्हते. ते बाळशास्त्री यांनी उतरविले. त्यांच्या पुस्तकाचे नाव शून्यलब्धि. आज ज्यास आपण विकलन म्हणतो, तोच हा विषय.

हे नाव क्षणभर थांबून पाहण्यासारखे आहे. जुन्या गणितग्रंथांत भागाकाराने जे फळ मिळते त्यास लब्धि म्हणतात. तेव्हा भाज्य व भाजक हे दोन्ही शून्याकडे जात असता जी लब्धि मिळते, असा अर्थ या शब्दातून निघतो. नव्या गणिताचे सारे मर्म एवढ्यातच आहे. ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल.

उंचावरून एक दगड सोडला, असे समजा. हवेचा अडथळा वगळला तर तो पहिल्या सेकंदाच्या अखेरीस सुमारे १६ फूट, दुसऱ्याच्या अखेरीस ६४ फूट व तिसऱ्याच्या अखेरीस १४४ फूट खाली येतो. म्हणजे सेकंदांच्या वर्गास १६ ने गुणले की अंतर मिळते. आता प्रश्न असा की, बरोबर दोन सेकंद होताच त्या दगडाचा वेग किती? दोन ते तीन सेकंदांच्या अवधीत तो ८० फूट पडला. पण त्या अवधीत वेग वाढतच होता, म्हणून ८० हे उत्तर खरे नव्हे. अवधी लहान करून सेकंदाचा दहावा भाग घेतला, तर दगड ६.५६ फूट पडतो व भागाकार ६५.६ येतो. शंभरावा भाग घेतला तर ६४.१६ आणि हजारावा भाग घेतला तर ६४.०१६. अवधी जसजसा शून्याकडे जातो, तसतशी लब्धि ६४ च्या अधिकाधिक जवळ जाते. म्हणून त्या क्षणी दगडाचा वेग सेकंदास ६४ फूट होय.

येथे चौकस विद्यार्थी शंका घेईल. अवधी शून्यच झाला तर अंतरही शून्य. मग शून्यास शून्याने भागणार कसे? ही शंका मूर्खपणाची नाही. आयर्लंडातील बिशप जॉर्ज बर्कली यांनी सन १७३४ मध्ये हीच शंका मोठ्या तीक्ष्णपणे मांडली, व तिचे समाधानकारक उत्तर देण्यास गणितज्ञांस बराच काळ लागला. लब्धि ज्या संख्येच्या हव्या तितक्या जवळ नेता येते ती तिची सीमा, या विचारावर कोशी यांनी पॅरिस येथे सन १८२१ मध्ये या शास्त्राची पुनर्रचना केली. जी गोष्ट युरोपातील विद्वानांस शतकभर अडखळवीत राहिली, ती आपल्या मुलास पहिल्या आठवड्यात उमगली नाही, तर त्यात लज्जा वाटण्याजोगे काय आहे? बाळशास्त्री मुंबईत शिकवू लागले, तेव्हा कोशी यांच्या त्या ग्रंथास अवघी तेरा वर्षे झाली होती. विषय युरोपातही अजून घडत होता. आणि कोकणातून आलेला एक तरुण त्यासाठी मराठी शब्द शोधीत होता.

त्यांची ज्ञानप्रसाराची तळमळ एका पुस्तकाने शमली नाही. सन १८४० मध्ये त्यांनी दिग्दर्शन हे मासिक सुरू केले व त्यातून शास्त्रीय विषय सामान्य वाचकांपर्यंत पोहोचविले. कुलाब्याच्या वेधशाळेचा कारभारही काही काळ त्यांनी पाहिला. प्राचीन शिलालेखांचे त्यांनी संशोधन केले, आणि ज्ञानेश्वरीची पहिली मुद्रित प्रत त्यांच्याच देखरेखीखाली सन १८४५ मध्ये निघाली.

त्यांच्या ठायी विद्वत्तेइतकेच धैर्यही होते. सन १८४३ मध्ये श्रीपत शेषाद्री परुळेकर या मुलाचे प्रकरण मुंबईत गाजले. त्याचे वडील बंधू नारायण यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, व श्रीपतही मिशनरींच्या घरी राहिला होता. न्यायालयाच्या निर्णयाने तो वडिलांकडे परत आला, परंतु जातीतील कर्मठ मंडळी त्यास घेईनात. बाळशास्त्री यांनी त्याची बाजू घेतली आणि स्वजनांचा रोष पत्करून त्यास पुन्हा समाजात स्थान मिळवून दिले. मिशनच्या शाळेत शिकविणाऱ्या मनुष्यानेही या कृतीस आदराने मस्तक लववावे, इतकी ती माणुसकीची होती.

पुढे शाळांच्या तपासणीचे व शिक्षक तयार करण्याचे काम त्यांच्याकडे आले. या साऱ्या कामांचा भार वाहत असतानाच सन १८४६ च्या मे महिन्यात, वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी, मुंबईत त्यांचा अंत झाला.

आयुष्य अल्प, पण लावलेले रोप वाढले. त्यांचे विद्यार्थी दादाभाई नौरोजी पुढे त्याच एल्फिन्स्टन संस्थेत गणित व पदार्थविज्ञान यांचे प्राध्यापक झाले. राष्ट्राच्या दारिद्र्याचा हिशेब मांडणारा हा पुरुष मुळात गणिताचा शिक्षक होता, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कुलाब्याच्या वेधशाळेत उमेदवारी केलेले केरूनाना छत्रे पुण्यास गणिताचे नामांकित अध्यापक झाले, आणि डेक्कन कॉलेजात त्यांच्यापाशी बाळ गंगाधर टिळक यांनी गणिताचे धडे घेतले. आज महाराष्ट्रात ६ जानेवारी हा दिवस बाळशास्त्री यांच्या स्मरणार्थ पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. गणिताच्या शिक्षकांनीही त्या दिवशी त्यांचे स्मरण करण्यास हरकत नसावी.

विद्यार्थिमित्रांनो, या चरित्रापासून घ्यावयाचा बोध साधा आहे. महाविद्यालयात नवे चिन्ह फळ्यावर दिसले की ते पाठ करण्यापूर्वी त्याचा अर्थ आपल्या भाषेत स्वतःस सांगून पाहा. वर दिलेला दगडाचा हिशेब कागदावर आपल्या हाताने करा. दोनाऐवजी तीन सेकंद घ्या, आणि लब्धि कोणत्या संख्येकडे जाते ते पाहा. तुम्हांस ९६ मिळाले, तर शून्यलब्धीचा पहिला पाठ तुम्हांस आला. पालकांस एवढेच विनवावयाचे की, तुम्हांस हे गणित येत नसले तरी चालेल. मुलगा वा मुलगी काय शिकून आली ते मराठीतून समजावून सांगावयास लावा, आणि सांगत असता ती अडखळली तर रागावू नका. अडखळल्या ठिकाणी दुसऱ्या दिवशी शिक्षकांस विचारावयाचे आहे, हे तिला कळले म्हणजे पुरे.