बत्तिसांतील एक मत

पुण्याच्या मध्यवस्तीत उभ्या असलेल्या मंडईच्या अष्टकोनी इमारतीला ज्या पुरुषाचे नाव आहे, त्याच पुरुषाने ती इमारत उभारण्याच्या खर्चास नगरपालिकेत विरोध केला होता, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. जोतीराव फुले यांचे नाव निघाले की मुलींची शाळा, सत्यशोधक समाज आणि 'गुलामगिरी' यांची आठवण होते, आणि ते योग्यच आहे. परंतु १८७६ ते १८८२ अशी सहा वर्षे हे गृहस्थ पुणे नगरपालिकेचे सभासद होते. सार्वजनिक पैसा कोठून येतो आणि कोठे जातो याची चौकशी त्यांनी जन्मभर सोडली नाही. त्यांच्या चरित्राची ही बाजू उपेक्षित राहिली आहे. लहानमोठ्या गावांच्या नगरपालिका कोट्यवधींचे अंदाजपत्रक मांडत असताना आणि विकास आराखडे आखत असताना तिची उजळणी होणे अगत्याचे आहे.

जोतीरावांचा जन्म १८२७ सालचा. घराणे मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणचे, आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या काळी फुलांच्या व्यवसायामुळे फुले हे नाव रूढ झाले. वडील गोविंदराव यांनी मुलाला शाळेत घातले, लोकांच्या सांगण्यावरून काढले आणि गफार बेग मुन्शी व लिजिटसाहेब या शेजाऱ्यांच्या आग्रहामुळे पुन्हा घातले. स्कॉटिश मिशनच्या शाळेतील शिक्षण १८४७ साली पुरे झाले. पुढच्याच वर्षी बुधवार पेठेतील भिडे वाड्यात त्यांनी मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाईंना शिकवून शिक्षिका केले.

सार्वजनिक पैशाच्या वादाशी त्यांचा पहिला संबंध याच सुमारास आला. पेशवाईतील दक्षिणा कंपनी सरकारने कमी प्रमाणात चालू ठेवली होती. या निधीचा काही भाग मराठी ग्रंथांच्या उत्तेजनार्थ खर्च व्हावा, असा अर्ज पुण्यातील सुधारकांनी १८४९ साली केला. सनातनी मंडळी खवळली. तेव्हा अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव सुमारे दोनशे माणसे घेऊन उभे राहिले. त्या वेळी त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. परंपरेने एका वर्गाकडे वाहणारा पैसा विद्येकडे वळविता येतो, हे त्यांनी तेथे पाहिले. पुढे त्यांच्या शाळांनाही याच निधीतून साहाय्य मिळाले.

कंत्राटदाराची नजर

जोतीराव केवळ पुस्तकी सुधारक नव्हते. पोटापाण्यासाठी त्यांनी शेती केली, धातूच्या ओतकामाला लागणाऱ्या मुशी विकल्या आणि सरकारी बांधकामांची कंत्राटे घेतली. येरवड्याच्या पुलाचे काम आणि खडकवासला धरणाला दगड पुरविण्याचे काम त्यांच्याकडे होते. या धंद्यातून त्यांना पैसा मिळाला, आणि तो त्यांनी बहुतांशी सार्वजनिक कार्यात घातला. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे सरकारी खर्चाचा आतला व्यवहार त्यांना कळला. कागदावर दाखविलेले काम आणि जमिनीवर झालेले काम यांत अंतर कसे पडते, मजुरांच्या हजेरीपत्रकात काय चालते, वरिष्ठ साहेबाला माहिती देणारा कनिष्ठ कामगार ती कशी गाळून देतो, हे सारे त्यांनी कामावर उभे राहून पाहिले होते. बांधकाम खात्यातील या लबाडीवर त्यांनी 'गुलामगिरी'तही कोरडे ओढले आहेत.

सरकारी खर्चाची टीका करणारे अनेक असतात. त्यांतील बहुतेकांना अंदाजपत्रकातील बेरीज-वजाबाकी तेवढी ठाऊक असते. जोतीरावांना दगडाचा भाव, चुन्याचा दर आणि गवंड्याची मजुरी तोंडपाठ होती. त्यामुळे एखादा खर्च वाजवी की फुगविलेला हे ओळखण्यास त्यांना दुसऱ्याच्या अहवालाची गरज पडत नसे.

हजार रुपयांचा प्रश्न

पुणे नगरपालिकेची स्थापना १८५७ ची. आरंभीच्या काळात तिचे सभासद लोकांनी निवडलेले नसत, सरकार त्यांची नेमणूक करी. जोतीरावही १८७६ साली नेमणुकीनेच सभासद झाले. त्याच वर्षी दख्खनवर भीषण दुष्काळ कोसळला. सत्यशोधक समाजातर्फे धनकवडीला दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालविण्यात आले. एका बाजूला मुलांच्या तोंडी घास घालण्यासाठी पै-पै गोळा करणे आणि दुसऱ्या बाजूला नगरपालिकेच्या खर्चावर मत देणे, ही दोन्ही कामे या गृहस्थाने एकाच काळात केली.

१८८० च्या सुमारास व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या पुणे-भेटीचा प्रश्न नगरपालिकेपुढे आला. स्वागत आणि मानपत्र यांसाठी एक हजार रुपये मंजूर करावेत, असा अध्यक्षांचा प्रस्ताव होता. देशी वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा १८७८ चा कायदा याच लिटनसाहेबांच्या कारकीर्दीतला. जोतीरावांनी प्रस्तावाला विरोध केला. करदात्यांचा पैसा पाहुण्याच्या सन्मानात घालविण्याऐवजी पुण्यातील गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे त्यांनी सुचविले. मतदान झाले तेव्हा बत्तीस सभासदांत विरोधी मत देणारे ते एकटेच ठरले.

हजार रुपये ही रक्कम नगरपालिकेला बुडविणारी नव्हती. प्रश्न रकमेपेक्षा तत्त्वाचा होता. ज्या सरकारने सभासदत्व दिले, त्याच्याच सर्वोच्च प्रतिनिधीच्या स्वागताला नकार देणे, तेही एकाकी, यास धैर्य लागते. परंतु त्या धैर्याइतकाच त्यामागील विचारही महत्त्वाचा आहे. जोतीरावांनी खर्च नको एवढेच म्हटले नाही. त्याच हजार रुपयांचा दुसरा उपयोग कोणता होऊ शकतो, हे त्यांनी सभेपुढे ठेवले. कोणत्याही खर्चाची खरी किंमत म्हणजे त्यामुळे हातचे गेलेले दुसरे काम, हे अर्थशास्त्राच्या पहिल्या पाठातील तत्त्व होय. ते त्यांनी कोणतीही परिभाषा न वापरता मांडले.

याच काळातील दुसरे प्रकरण दारूच्या दुकानांचे. शहरात दारूचे गुत्ते वाढू लागले तेव्हा १८८० साली जोतीरावांनी नगरपालिकेच्या कार्यकारी मंडळाला पत्र लिहून हरकत घेतली. लोकांच्या आरोग्यासाठी नगरपालिका एवढा खर्च करते आणि त्याच लोकांचे आरोग्य व संसार धुळीस मिळविणाऱ्या दुकानांकडे डोळेझाक करते, ही विसंगती त्यांनी दाखविली. अबकारीचे उत्पन्न सरकारच्या तिजोरीत जाई, दुष्परिणामांचा भार मात्र गावावर पडे. जमा एका वहीत आणि नुकसान दुसऱ्या वहीत असले की कोणालाच काही वाटत नाही. जोतीरावांनी दोन्ही वह्या एकत्र वाचल्या.

मंडईचा वाद

मग मंडईचा प्रश्न आला. तोपर्यंत शनिवारवाड्यासमोरच्या मैदानात भाजीबाजार भरत असे. तेथे ऊन, पाऊस, चिखल यांचा त्रास होता, हे खरे. त्याऐवजी लाखो रुपये खर्चून भव्य इमारत उभारण्याची योजना पुढे आली. जोतीराव आणि त्यांचे स्नेही हरी रावजी चिपळूणकर यांनी तिला विरोध केला. एवढा पैसा इमारतीत गुंतविण्यापेक्षा तो शिक्षणाकडे वळवावा, हे म्हणणे येथेही होते. योजना मंजूर झाली. १८८६ साली गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने मंडई उघडली, तेव्हा जोतीराव सभासद उरले नव्हते.

या विरोधाचे मूल्यमापन प्रामाणिकपणे केले पाहिजे. मंडई निरुपयोगी ठरली नाही. शंभराहून अधिक वर्षे तिने पुणेकरांची सोय केली आहे. मग जोतीराव चुकले काय? इमारत उपयोगी आहे की नाही, एवढाच प्रश्न असता तर तसे म्हणता आले असते. त्यांचा प्रश्न अग्रक्रमाचा होता. ज्या गावात बहुसंख्य मुलांनी शाळेचे तोंड पाहिलेले नाही, त्या गावाने आधी काय बांधावे? दगडी इमारत दिसते, तिचे उद्घाटन होते, तिच्यावर नाव कोरता येते. शाळेत न गेलेले मूल कोणाच्याच नजरेस पडत नाही. दिसणाऱ्या खर्चाकडे पैसा ओढला जाण्याची ही प्रवृत्ती तेव्हाही होती आणि ती सर्व काळच्या नगरपालिकांचा स्थायीभाव आहे.

नगरपालिकेबाहेरची तपासणी

त्यांची चौकशी नगरपालिकेपुरती मर्यादित नव्हती. १८८२ च्या ऑक्टोबरात त्यांनी हंटर शिक्षण आयोगापुढे निवेदन सादर केले. सरकारच्या उत्पन्नाचा मोठा भाग रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणावरील खर्चाचा मोठा लाभ वरच्या वर्गांना उच्च शिक्षणाच्या रूपाने मिळतो, हा त्यांचा मुख्य मुद्दा. शेतसाऱ्यावर बसविलेल्या लोकल फंडाच्या पट्टीतील काही हिस्सा शिक्षणासाठी राखलेला होता. तो ज्यांच्याकडून येतो त्यांच्या मुलांपर्यंत पोचतो का, असे त्यांनी विचारले. बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षकांना किमान बारा रुपये आणि मोठ्या गावी पंधरा ते वीस रुपये पगार द्यावा, शाळांची तपासणी वारंवार आणि पूर्वसूचनेशिवाय व्हावी, या त्यांच्या सूचना होत्या. आगाऊ वर्दी देऊन केलेल्या तपासणीत काय दिसते, हे कंत्राटाच्या धंद्यातून आलेल्या माणसाला सांगावे लागत नव्हते.

१८८३ साली लिहून पुरा झालेला 'शेतकऱ्याचा असूड' हा ग्रंथ म्हणजे जोतीरावांच्या या दृष्टीचा परिपाक होय. शेतकरी माल घेऊन गावात आला की नगरपालिकेची जकात त्याला आधी गाठते, पण तिच्यातून होणाऱ्या सोयी शहरवासीयांच्या वाट्याला जातात, हे त्यांनी तेथे दाखविले. केवळ दोष दाखवून ते थांबले नाहीत. डोंगरउतारावर ताली-बंधारे घालून पावसाचे पाणी जमिनीत मुरवावे, त्या कामी लष्कर व पोलीस यांतील रिकाम्या माणसांचे हात लावावेत, जाणत्या पाणाड्यांकडून पाण्याच्या जागा शोधून त्या गावाच्या नकाशावर दाखवाव्यात, धरणाचे पाणी मोजून मिळावे यासाठी तोट्या बसवाव्यात, जनावरांच्या चांगल्या जाती आणाव्यात, अशी तपशीलवार योजना त्यांनी मांडली. मांजरीला त्यांनी स्वतः कालव्याच्या पाण्यावर शेती केली होती, म्हणून या सूचनांना अनुभवाचा आधार आहे. ग्रामनियोजन हा शब्द रूढ होण्यापूर्वीचे हे नियोजन. खर्चाला सरसकट विरोध करणारा माणूस ते लिहू शकला नसता.

१८८८ च्या मार्चमध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ चिपळूणकरांनी पुण्यात समारंभ केला. दागदागिन्यांनी सजलेल्या निमंत्रितांत जोतीराव साध्या शेतकऱ्याच्या वेषात आले. येथे जमलेला थाट म्हणजे हिंदुस्थान नव्हे, खेड्यांतील रयत कशी राहते ते पाहावे आणि तिला शिक्षण मिळावे असे राणीला कळवावे, अशा आशयाचे भाषण त्यांनी केले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईच्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली. थोड्याच दिवसांत पक्षाघाताने उजवा हात लुळा पडला. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि 'सार्वजनिक सत्यधर्म' पुरा केला. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले.

हरलेल्या ठरावांचे मोल

नगरपालिकेतील मतदानाचा हिशेब मांडला तर जोतीराव हरलेच. स्वागताचे हजार रुपये खर्च झाले आणि मंडई उभी राहिली. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा मुंबई इलाख्यात यायला १९१८ साल उजाडले, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर अठ्ठावीस वर्षे गेली. तरीही ते एकटे मत वाया गेले नाही. नगरपालिकेतील बाकीच्या एकतीस सभासदांची नावे आज कोणी सांगू शकणार नाही. आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना मंडईला लॉर्ड रे यांच्याऐवजी महात्मा फुले यांचे नाव मिळाले, यातही काळाचा न्याय आहे.

त्यांच्या काळी सामान्य नागरिकाला नगरपालिकेचा एक कागद पाहण्याचाही अधिकार नव्हता. आज परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. १९९३ साली अमलात आलेल्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांना घटनात्मक स्थान दिले. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याने अंदाजपत्रक, निविदा, मोजमापाची पुस्तके आणि देयके मागण्याचा हक्क कोणाही नागरिकास मिळाला. विकास आराखडा प्रसिद्ध झाल्यावर हरकती घेण्याची तरतूद कायद्यातच आहे. साधने आली, ती वापरणारे मात्र थोडे. रस्त्याचा खड्डा सर्वांना दिसतो, पण त्या रस्त्याच्या देयकावर किती जाडीची खडी लिहिली आहे हे विचारायला कोणी जात नाही. सुशोभित चौकाचे, कमानीचे आणि कारंज्याचे कौतुक होते. त्याच वर्षी नगरपालिकेच्या शाळेसाठी किती तरतूद झाली आणि त्यांतील किती प्रत्यक्षात खर्च झाली, हे पाहण्यास अंदाजपत्रकाची दोन पाने उलटावी लागतात.

गावातील शिक्षक, कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांना हे काम अवघड नाही. वाचता येते, हिशेब कळतो आणि गाव ओळखीचे आहे, एवढे भांडवल त्यास पुरते. पैसा कोणाकडून आला, लाभ कोणाला झाला आणि त्यापायी कोणते काम मागे पडले, हे जोतीरावांनी विचारलेले प्रश्न आजच्या कोणत्याही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकाला लावून पाहावेत. पहिल्या सभेत उत्तर मिळणार नाही, कदाचित दहाव्या सभेतही मिळणार नाही. प्रश्न इतिवृत्तात नोंदला गेला पाहिजे. पुण्याच्या बत्तीस सभासदांत जोतीरावांना तेवढेच करता आले होते.