दारूबंदीच्या सभेला माणसं न्यायची म्हणून एका सुताराने ट्रेन ठरवली, तिथून पॅकेज टूरचा धंदा उभा राहिला

स्कॉटलंडच्या टूरची जाहिरात कधी नीट वाचलीय का?

पहिल्या दिवशी एडिनबरा. मग डोंगरातून जाणाऱ्या रस्त्याने बसचा प्रवास. वाटेत एखाद्या तळ्यात बोटीची फेरी. पुढे फोर्ट विल्यम ते मलेग वाफेच्या इंजिनाची ट्रेन, म्हणजे हॅरी पॉटरच्या पिक्चरमध्ये दिसते ती ग्लेनफिनॅनच्या पुलावरची. आणि मलेगहून फेरीबोटीने थेट स्काय बेट. हॉटेल ठरलेलं, जेवण ठरलेलं, सोबत टूर मॅनेजर. आपण फक्त बॅग भरायची आणि वेळेवर खाली यायचं.

ट्रेन, रस्ता आणि बोट, तिन्ही एकाच पैशात. आज यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

पण पावणेदोनशे वर्षांपूर्वी हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तेव्हा फिरायला जाणं हे जमीनदारांचं आणि सरदारांचं काम होतं. त्यांच्याकडे पैसा होता, नोकर होते आणि मुख्य म्हणजे रिकामा वेळ होता. गिरणीत राबणारा माणूस आपल्या गावापासून वीस मैल लांबही जायचा नाही.

हे चित्र बदलणारा माणूस होता थॉमस कुक. आणि गंमत म्हणजे त्याला टुरिझमचा धंदा करायचाच नव्हता. त्याला लोकांची दारू सोडवायची होती.

थॉमसचा जन्म २२ नोव्हेंबर १८०८ चा. गाव मेलबर्न, इंग्लंडमधल्या डर्बीशायरमधलं. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराला ज्या लॉर्ड मेलबर्नचं नाव मिळालं, त्याची पदवी याच छोट्या गावावरून आलेली. थॉमस लहान असतानाच वडील गेले. वयाच्या दहाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगं एका माळ्याच्या हाताखाली कामाला लागलं. चौदाव्या वर्षी एका नातेवाईकाकडे सुतारकाम शिकायला गेला.

घरचं वातावरण बाप्टिस्ट पंथाचं. विशीत आल्यावर तो या पंथाचा प्रचारक झाला. गावोगाव जायचं, पत्रकं वाटायची, मुलांच्या रविवारच्या शाळा सुरू करायच्या. १८२९ या एका वर्षात तो २,६९२ मैल फिरला आणि त्यातले २,१०६ मैल पायी. पुढे जगाला आरामात फिरवणाऱ्या माणसाने स्वतःची सुरुवात अशी चपला झिजवून केली होती.

प्रचाराच्या कामात पैसा नव्हता. म्हणून मार्केट हारबरो नावाच्या गावात त्याने पुन्हा सुतारकाम सुरू केलं. १८३३ मध्ये मेरीअॅन मेसन या शेतकऱ्याच्या मुलीशी लग्न झालं आणि त्याच सुमारास त्याने दारू न पिण्याची शपथ घेतली.

तेव्हाच्या इंग्लंडमधली दारू हा साधा विषय नव्हता. कारखान्यांची शहरं वाढत होती, बारा-चौदा तास काम आणि कोंदट खोल्या असं जगणं होतं. कामगाराला करमणूक म्हणून जवळ होता तो फक्त गुत्ता. आठवड्याची मजुरी तिथेच संपायची. थॉमसचं म्हणणं साधं होतं. नुसतं दारू सोडा सांगून उपयोग नाही, दारूच्या जागी दुसरं काहीतरी द्यायला पाहिजे.

ते दुसरं काहीतरी त्याला चालता चालता सापडलं.

९ जून १८४१ ला तो दारूबंदीच्या एका सभेसाठी मार्केट हारबरोहून लेस्टरला पायी निघाला होता. अंतर साधारण पंधरा मैल. वाटेत त्याच्या डोक्यात आलं की आता रेल्वे आलीय, तर या चळवळीच्या लोकांना एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी न्यायला अख्खी ट्रेनच का ठरवू नये?

त्याने रेल्वे कंपनीला गाठलं. कंपनी तयार झाली.

५ जुलै १८४१ ला लेस्टरहून लाफबरोला ट्रेन सुटली. अंतर अकरा-बारा मैलांचं, जाऊन-येऊन तिकीट एक शिलिंग, माणसं पाचशेच्या आसपास. डबे उघडे, वर छप्पर नाही. सोबत बँड. लाफबरोला पोचल्यावर बागेत चहापाणी, खेळ आणि भाषणं. त्या पाचशेमधल्या अनेकांसाठी रेल्वेत बसायची ही पहिलीच वेळ असणार.

लोक खूश होऊन परतले. थॉमस लेस्टरला राहायला आला, छपाईचं दुकान टाकलं आणि पुढची काही वर्षं अशाच सहली काढत राहिला. कमाईचा विषय फारसा नव्हताच.

धंदा म्हणून पहिली मोठी टूर निघाली १८४५ मध्ये, लिव्हरपूलची. पुढे बोटीने वेल्सचा किनारा पाहण्याचीही सोय होती. पण निघण्याआधी थॉमसने काय केलं, तर तो स्वतः त्या सगळ्या रस्त्याने जाऊन आला. हॉटेलं पाहिली, बोटी ठरवल्या आणि प्रवाशांसाठी माहितीचं पुस्तक स्वतःच्या छापखान्यात छापलं. कुठे उतरायचं, काय पाहायचं, गाडी किती वाजता सुटणार, सगळं त्यात. आज टूर कंपनी आपल्या हातात जो दिवसवार कार्यक्रम ठेवते, त्याचं हे मूळ.

आणि मग आलं स्कॉटलंड.

वॉल्टर स्कॉटच्या कादंबऱ्या आणि कवितांनी इंग्लंडला तिथल्या डोंगर-तळ्यांचं वेड लावलेलं होतं. राणी व्हिक्टोरियाही तिकडे जाऊन आली होती. पण १८४६ मध्ये इंग्लंडमधून स्कॉटलंडपर्यंत सलग रूळच नव्हते. थॉमसने जुळवाजुळव केली. लेस्टरहून ट्रेनने फ्लीटवूड बंदर, तिथून रात्रभर आगबोट, स्कॉटलंडच्या आर्ड्रॉसन बंदरात उतरायचं, मग परत ट्रेनने ग्लासगो आणि एडिनबरा. तिकीट एक गिनी, म्हणजे २१ शिलिंग. माणसं साडेतीनशे.

या टूरचे मात्र पार बारा वाजले. वाटेत ठरलेला चहा मिळाला नाही. बोटीवर खोल्या कमी पडल्या आणि कित्येकांनी रात्र डेकवर भिजत काढली. ग्लासगोत बँड लावून स्वागत झालं, पण लोकांचा राग काही गेला नाही. त्याच वर्षी थॉमसचं दिवाळंही निघालं.

दुसरा कुणी असता तर परत रंधा हातात घेतला असता. हा गडी पुढच्या उन्हाळ्यात परत स्कॉटलंडच्या टूर घेऊन हजर.

इथे त्याची खरी कामगिरी काय होती, ते समजून घेतलं पाहिजे. त्या काळी ब्रिटनमध्ये एक रेल्वे नव्हती, ढिगाने खासगी कंपन्या होत्या. प्रत्येकीचं तिकीट वेगळं, वेळापत्रक वेगळं. आगबोटवाले वेगळे, घोडागाडीवाले वेगळे. एका माणसाने लेस्टरहून निघून स्कॉटलंडमधलं बेट पाहून यायचं म्हटलं, तर जागोजागी घासाघीस करावी लागायची आणि फसवणूकही ठरलेली.

थॉमसने या सगळ्यांशी आधीच बोलून ठेवलं. मी तुम्हाला शेकडो माणसं एकदम देतो, तुम्ही मला भाव कमी करा. या हिशोबात रेल्वेचे रिकामे डबे भरायचे, प्रवाशाला स्वस्त पडायचं आणि मधलं कमिशन थॉमसला मिळायचं. प्रवाशाच्या हातात सगळी तिकिटं एकत्र आणि बरोबर स्वतः थॉमस. म्हणजे तो विकत होता ती खात्री. अनोळखी मुलखात आपण अडकणार नाही, लुटले जाणार नाही आणि ठरलेल्या दिवशी घरी परत येऊ, ही खात्री.

या खात्रीमुळे आणखी एक गोष्ट झाली. बायका बाहेर पडल्या. घरचा पुरुष सोबत नसताना बाईने प्रवास करणं तेव्हा वाईट समजलं जायचं. पण दारूला न शिवणारे, धर्म पाळणारे कुक सोबत आहेत म्हटल्यावर घरचे परवानगी द्यायचे. शिक्षिका, कारकून, छोटे दुकानदार आणि एकट्या बायका अशी गर्दी त्याच्या टूरमध्ये दिसू लागली.

ट्रेनने जायचं, ट्रॉसॅक्सच्या डोंगरातून घोडागाडीने फिरायचं, लॉक कॅट्रिन आणि लॉक लोमंडच्या पाण्यात बोटीत बसायचं आणि पश्चिमेला स्टाफा व आयोना ही बेटं पाहायची. आजच्या टूरचा सगळा साचा इथे तयार झालेला दिसतो.

आयोना हे सेंट कोलंबाचं बेट, सहाव्या शतकापासूनचं तीर्थक्षेत्र. पण थॉमस लोकांना घेऊन जायचा त्या काळात बटाट्याचं पीक गेल्यामुळे तिथले लोक हलाखीत होते. त्याने आपल्या प्रवाशांकडून वर्गणी काढली आणि बेटावरच्या कोळ्यांना मासेमारीच्या होड्या घेऊन दिल्या. फिरायला आलेल्यांनी तिथल्या माणसांचंही काही देणं लागतं, असं तो मानायचा. त्याचा हाच स्वभाव पुढे घरात भांडणाचं कारण ठरला.

१८५१ मध्ये लंडनला जगभरातल्या वस्तूंचं प्रचंड प्रदर्शन भरलं. थॉमसने दीड लाखावर माणसं तिथे नेऊन आणली. कामगारांना तिकिटाचे पैसे थोडे थोडे साठवता यावेत म्हणून बचत क्लब काढले. त्याचा मुलगा जॉन मेसन तेव्हा सतरा वर्षांचा होता आणि बापाबरोबर राबत होता.

१८६२ मध्ये झटका बसला. कुकने गर्दी आणून दाखवली, आता याला कमिशन कशाला द्यायचं, असं म्हणत स्कॉटलंडच्या रेल्वे कंपन्यांनी त्याची स्वस्त तिकिटं बंद केली. ज्या मुलखावर धंदा उभा होता, तोच हातातून गेला.

मग त्याने युरोपकडे मोर्चा वळवला. १८६३ मध्ये पॅरिस आणि स्वित्झर्लंडच्या टूर निघाल्या, त्यानंतर इटली. श्रीमंतांच्या पोटात दुखायला लागलं. आपल्या हक्काच्या जागी ही कळपाने फिरणारी साधी माणसं कशाला, असा त्यांचा सूर होता. इटलीत वकिलातीत काम करणाऱ्या चार्ल्स लीव्हर या लेखकाने तर लिहून टाकलं की ऑस्ट्रेलिया आता कैदी घेत नाही, म्हणून सरकार कुकच्या मदतीने ते इटलीत आणून सोडतंय. थॉमसने त्याला जाहीर उत्तर दिलं. जग बघायचा हक्क फक्त पैसेवाल्यांचा नाही, ही त्याची भूमिका शेवटपर्यंत बदलली नाही.

१८६९ मध्ये त्याने बोटी भाड्याने घेऊन नाईल नदीची सफर सुरू केली. नाईल क्रूझ म्हणून आज जे विकलं जातं, त्याची ही सुरुवात. हॉटेलची कुपनं आली. १८७४ मध्ये परदेशात पैसे काढता येतील अशा नोटा आल्या, ट्रॅव्हलर्स चेकचंच हे आधीचं रूप.

१८७२ मध्ये, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, थॉमस छोटा ग्रुप घेऊन जगाच्या फेरीला निघाला. अमेरिका, जपान, चीन, सिलोन आणि मग भारत. रेल्वेने देश पार करून तो मुंबईला आला आणि इथून बोट पकडून इजिप्तकडे गेला. सगळ्या फेरीला २२२ दिवस लागले. १८८१ मध्ये कंपनीचं मुंबईत ऑफिस सुरू झालं. १८८६ मध्ये इंग्रज सरकारने हजला जाणाऱ्या यात्रेकरूंची व्यवस्थाही याच कंपनीकडे दिली होती.

पण तोवर घर फुटलं होतं.

जॉन मेसन हा हाडाचा धंदेवाला. वडील ग्राहकांकडून वर्गण्या काढतात, टूरमध्ये धर्मकार्य घुसवतात आणि नफ्याकडे बघत नाहीत, ही त्याची तक्रार. वडिलांना वाटायचं की धंदा हे साधन आहे, मूळ काम माणसाचं भलं करण्याचं. भांडण इतकं वाढलं की १८७० चं दशक संपता संपता थॉमसला बाजूला व्हावं लागलं.

त्यानंतर दुःखाची रांगच लागली. १८८० मध्ये मुलगी अॅनी घरातल्या न्हाणीघरात गॅसच्या हीटरमुळे गुदमरून गेली. १८८४ मध्ये मेरीअॅन गेली. थॉमसची दृष्टी गेली. लोकांना जग दाखवणारा माणूस म्हातारपणी आंधळा झाला.

१८९१ मध्ये कंपनीला पन्नास वर्षं झाली. लंडनमध्ये मोठा समारंभ झाला, पण थॉमस त्याला नव्हता. त्याच वर्षी त्याने मेलबर्न गावात गरजू लोकांसाठी घरांची एक ओळ आणि प्रार्थनेचा हॉल बांधून पूर्ण केला. १८ जुलै १८९२ ला लेस्टरमध्ये तो वारला.

धंद्याच्या हिशोबात मुलगा बरोबर ठरला. त्यानेच कंपनी जगभर नेली. पण ती कंपनीही कायमची टिकली नाही. २३ सप्टेंबर २०१९ ला ब्रिटनमधली थॉमस कुक कंपनी कर्जाखाली कोसळली आणि दीड लाखावर ब्रिटिश पर्यटक परदेशात अडकून पडले. ज्या नावाचा अर्थच अडकणार नाही असा होता, त्या नावावर ही वेळ आली. भारतातल्या थॉमस कुकची मालकी २०१२ पासूनच वेगळी होती, त्यामुळे ती सुरू राहिली.

मेलबर्नमधली ती घरं मात्र अजून उभी आहेत. आणि साठवलेल्या पैशातून पहिल्यांदा परदेश बघायला निघालेले निवृत्त मास्तर, टूरच्या बसमध्ये खिडकीची जागा पकडून बसलेल्या मावशी, हे सगळे आजही थॉमसचेच प्रवासी आहेत. तो टूर काढत होता त्या यांच्यासारख्या माणसांसाठीच.