दारिद्र्याच्या शाळेंतील पंडिता

दारिद्र्य मुलास घडवितें कीं मोडतें? या प्रश्नाचा विचार करतांना आम्हांस पंडिता रमाबाईंचें चरित्र आठवतें.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालीं सह्याद्रीच्या अरण्यांत, गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं लोकनिंदेस न जुमानतां पत्नी लक्ष्मीबाई यांस संस्कृत शिकविलें, व त्या माउलीनें पहांटे उठून तीच विद्या मुलीस दिली. पुढें द्रव्य सरलें, आणि हें कुटुंब पुराणें सांगत तीर्थोतीर्थीं फिरूं लागलें. १८७४ च्या सुमारास दुष्काळानें गांठलें. भीक मागण्याची लाज, आणि अंगमेहनतीची संवय नाहीं! रानांत अकरा दिवस झाडपाला व पाणी यांवर काढावे लागले. आमच्या सिरोंच्याच्या रानांतील लहान मूलही मोह, टेंभरें व कंद ओळखतें. त्या विद्वान घराजवळ मात्र पोथीवांचून दुसरी विद्या नव्हती. थोड्याच महिन्यांत वडील, आई व थोरली बहीण हीं तिघें गेलीं.

बंधु श्रीनिवास यांजसह रमाबाई पायीं उत्तरेकडे निघाल्या. झेलमच्या कांठीं, कडाक्याच्या थंडींत, पांघरूण नसल्यानें दोघांनीं खड्डे खणून अंगावर वाळू ओढून घेतली. १८७८ सालीं त्या कलकत्त्यास पोहोंचल्या, तेव्हां तेथील विद्वानांनीं त्यांस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. आईनें दिलेलें धन दुष्काळास हिरावतां आलें नव्हतें.

बंधु १८८० सालीं व पति १८८२ सालीं निवर्तले. १८८३ सालीं इंग्लंडांत त्यांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला; १८८९ सालीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढिलें. १८९६-९७ सालीं मध्यप्रांतांत दुष्काळ पडला. आपला सिरोंचा तालुका तेव्हां याच प्रांतांत होता. रमाबाई स्वतः मध्यप्रांतांत गेल्या व शेंकडों निराधार मुलींना घेऊन आल्या. पुण्याजवळ केडगांवच्या मुक्तिसदनांत या मुलींना लिहिणें-वाचणें तर शिकविलेंच, पण शेती, विणकाम व छापखान्याचें कामही शिकविलें. आपल्या माहेरीं जें उणें पडलें, तें या लेंकींना उणें पडूं नये, असाच यांतील हेतु आम्हांस दिसतो. ५ एप्रिल १९२२ रोजीं त्या निवर्तल्या.

दारिद्र्याची स्तुति आम्ही करीत नाहीं; त्यानेंच रमाबाईंचे आईबाप नेले. मुलास घडवितें तें दारिद्र्य नव्हे, तर त्या दिवसांतही कोणीं तरी दिलेली विद्या आणि स्वतः सोसलेल्या दुःखाची न विसरलेली आठवण. पालकहो, घरीं धान्य थोडें असलें तरी मुलाचा, आणि विशेषतः मुलीचा, पाठ चुकवूं नका. विद्यार्थी मित्रांनो, लेखणी धरणाऱ्या हातास कुदळीची लाज वाटूं देऊं नका.